आश्रमशाळेतील विद्यार्थिवर्ग व संपादणूक

आश्रमशाळा : ज्या मुलांच्या वस्तीपर्यंत शाळा पोहोचलेली नाही, किंवा पोहोचूनही पालकांच्या स्थलांतरामुळे जिचा उपयोग होत नाही, अशा मुलांसाठी निवास, भोजन व अध्यापन यांची एकत्र सोय करणारी शाळा. महाराष्ट्रात शासकीय व अनुदानित असे तिचे दोन प्रकार आहेत. अनुदानित आश्रमशाळा स्वयंसेवी संस्था चालविते. शिक्षकांचे वेतन व निवासी विद्यार्थ्यांमागे ठरलेले परिपोषण अनुदान शासन देते, इमारत व दैनंदिन व्यवस्थापन यांची जबाबदारी संस्थेची असते. खर्च सार्वजनिक व व्यवस्थापन खाजगी, अशी ही रचना होय. या शाळांतील बहुतेक जागा विशिष्ट समाजघटकांसाठी असतात. त्यामुळे शाळेचा विद्यार्थिवर्ग आपोआप बनत नाही. तो धोरणाने निवडलेला असतो आणि तो निवडण्याचे कारणच शैक्षणिक वंचितता हे असते. माध्यमिक शालान्त परीक्षेच्या (दहावीच्या) निकालावरून आश्रमशाळेचे मूल्यमापन करताना ही गोष्ट वारंवार नजरेआड होते. प्रस्तुत नोंदीत आठवी ते दहावीच्या आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांचे सामाजिक स्वरूप व त्यांची संपादणूक यांच्या संबंधाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर ऊर्फ ठक्करबाप्पा यांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले व भिल्ल मुलांसाठी आश्रम काढले. महाराष्ट्रातील पुढील प्रयत्नांवर त्याचा ठसा आहे. ठाणे जिल्ह्यात बा. गं. खेर यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ निघाले. आश्रम या शब्दामागे गांधीप्रणीत जीवनशिक्षणाची कल्पना होती. शेती, सूत, सफाई व अभ्यास यांची सांगड घालून मूल स्वावलंबी व्हावे, हा हेतू. वर्ध्याला १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या विचाराशी तो जुळणारा होता. माध्यमिक वर्गांच्या आदिवासी आश्रमशाळांना दीर्घकाळ ‘उत्तर बुनियादी आश्रमशाळा’ म्हटले जाई, ते यामुळेच. परंतु माध्यमिक वर्ग आले तशी मंडळाची परीक्षाही आली. नाव बुनियादी राहिले आणि कसोटी मात्र इतर कोणत्याही शाळेची झाली.

याच्या अगदी उलट दिशेचा प्रयोग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ नंतर कोसबाड येथे केला. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत आणण्याऐवजी शाळाच कुरणात नेणारी त्यांची कुरणशाळा प्रसिद्ध आहे. मूल घरापासून दूर नेऊन शिकवावे की शिक्षण त्याच्या घराजवळ न्यावे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. शासनाने मुख्यतः पहिला मार्ग पतकरला. १९७२–७३ पासून आदिवासी क्षेत्रात क्षेत्रविकासाच्या धोरणानुसार आश्रमशाळांचा विस्तार झाला. आज आदिवासी विकास विभागाच्या सु. ५०० शासकीय व सु. ५५० अनुदानित आश्रमशाळा आहेत. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीच्या आश्रमशाळा वेगळ्या असून त्या सर्वस्वी अनुदानित स्वरूपाच्या आहेत. प्राथमिक, माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालय हे भाग वेगवेगळे मोजल्यास त्यांची संख्या नऊशेहून अधिक भरते. त्यांचा कारभार पूर्वी समाजकल्याण खात्याकडे होता. २०१७ मध्ये या समाजघटकांसाठी स्वतंत्र विभाग झाल्यावर तो तिकडे गेला.

विद्यार्थिवर्ग : आश्रमशाळेत येणारे मूल कोण असते, हे पाहण्यास वाशीम जिल्हा सोयीचा आहे. अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० लोकवस्तीचा असून त्यातील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. अनुसूचित जातींचे प्रमाण सु. १९ टक्के व अनुसूचित जमातींचे सु. ७ टक्के आहे. बंजारा समाजाची वस्ती येथे मोठी असून मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्या समाजाचे सर्वांत महत्त्वाचे तीर्थस्थान होय. महाराष्ट्रात बंजारांची गणना विमुक्त जातींत होते व जनगणना विमुक्त जातींची वेगळी मोजदाद करीत नाही. म्हणजे आश्रमशाळा ज्या समाजासाठी आहे, त्याची नेमकी संख्या कोणत्याच कोष्टकात नाही. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) व वाशीम हे चार जिल्हे होते. शिक्षण हा त्या निवडीचा एक निकष होता. याच जिल्ह्याची साक्षरता मात्र २०११ मध्ये ८३.२५ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या (८२.३४ टक्के) किंचित वर होती. सरासरीच्या आकड्याने तांडा झाकला जातो, याचे हे लहानसे उदाहरण.

वाशीम–पुसद मार्गावरील अनसिंग हे आसपासच्या कोरडवाहू खेड्यांचे बाजारगाव आहे. सोयाबीन, तूर व कापूस ही या भागातील मुख्य पिके. पुसदकडे जाताना बंजारा तांडे व आंध जमातीच्या वस्त्या लागतात. वसंतराव नाईक यांचे गहुली हे गाव त्याच पुसद तालुक्यातले. गावठाणातील मूल जिल्हा परिषदेच्या वा खाजगी विद्यालयात पायी जाऊ शकते; तांड्यावरच्या मुलाला ती सोय प्राथमिक वर्गांपुरतीच मिळते. खरीप निघाला की दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीला, वीटभट्टीवर किंवा शहरांतील बांधकामांवर जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. अशा कुटुंबाला आश्रमशाळेची गरज प्रथम निवाऱ्यासाठी लागते, अभ्यासासाठी नंतर. आणि हे सांगण्यात पालकांचा कमीपणा नाही. मूल मागे सुरक्षित राहील व दोन वेळा जेवेल, ही खात्री असल्याशिवाय शिक्षणाचा विचार पुढे सरकत नाही.

वर्गातील मुलांची रचना यावरून लक्षात येते. काही मुले पहिलीपासून निवासी असतात. काही आठवीत, गावची शाळा संपल्यावर येतात. काही जवळच्या वस्तीतून रोज ये-जा करतात. बरेच जण घरातील पहिलेच माध्यमिक शाळेत पोहोचलेले असतात. वयही सारखे नसते. मध्ये एखादे वर्ष तोडणीच्या फडावर गेल्याने मागे पडलेला मुलगा आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर आठवीत बसतो. मुलींची संख्या वरच्या वर्गांत का घटते, याची कारणे सर्वज्ञात आहेत : धाकट्या भावंडांची जबाबदारी, सुरक्षिततेची चिंता व लवकर होणारे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. ज्या शाळेत स्त्री अधीक्षिकेचे पद रिकामे असते, तेथे पालक मुलीला ठेवण्यास कचरतात. तेव्हा मुलींच्या गळतीचा संबंध केवळ रूढीशी जोडणे अपुरे आहे.

भाषेचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. बंजारा मुलाची घरची बोली गोरमाटी. ती राजस्थानी गटातील आर्य बोली असून मराठीपासून पुष्कळ दूर आहे. आंध मराठीच बोलतात, पण त्यांच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील गोंडी व कोलामी या द्राविडी भाषा आहेत, तर मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुलातील. अमरावती विभागातील आश्रमशाळांतील मुलांची दहावीला एकच मराठी प्रश्नपत्रिका असते आणि तिच्याकडे येणाऱ्या वाटा मात्र तीन भाषाकुलांतून निघतात. प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच मांडले होते. भारतीय संविधानातील अनुच्छेद ३५० अ (१९५६) हेही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांबाबत तेच सांगतो. प्रत्यक्षात पहिलीच्या वर्गात शिक्षक मराठीत बोलतो व मूल गप्प बसते. या गप्प बसण्याचा अर्थ ‘मूल मंद आहे’ असा लावला गेला की पुढील नऊ वर्षांची पायाभरणी बिघडते. गणित व विज्ञान यांतील अपयशाचे मूळही पुष्कळदा उदाहरण सोडविता न येण्यात नसून ते वाचून न समजण्यात असते.

संपादणुकीचे मापन : शाळेचा निकाल म्हणजे परीक्षेस बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांपैकी उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण. सूत्र सोपे आहे, पण त्यातील छेद कोणता हे पाहावे लागते. समजा, दोन शाळांत आठवीला प्रत्येकी ६० मुले आहेत. पहिल्या शाळेतील ३४ मुले दहावीच्या परीक्षेस बसली व ३२ उत्तीर्ण झाली. निकाल ९४ टक्के. दुसरीत ५२ बसली व ४३ उत्तीर्ण झाली. निकाल ८३ टक्के. गावात पहिल्या शाळेचा सत्कार होईल. मात्र आठवीच्या मूळ ६० मुलांशी तुलना केली, तर पहिल्या शाळेने ५३ टक्के मुलांना व दुसरीने ७२ टक्के मुलांना दहावीपार नेले. (बदली होऊन गेलेली मुले वेगळी काढल्यास हे आकडे थोडे बदलतील, चित्र सहसा बदलत नाही.) अशा रीतीने एकाच तुकडीचा मागोवा घेणाऱ्या मापनास गटप्रगतीचे मापन म्हणता येईल. शिक्षणातील गळती व स्थगन यांची चर्चा भारतात हारटॉग समितीच्या १९२९ च्या अहवालापासून चालू आहे, पण शाळाशाळांचे निकाल जाहीर करताना तिचा वापर होत नाही.

छेद लहान करण्याचे मार्ग शाळांना ठाऊक असतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) नुसार आठवीपर्यंत नापास करण्यास २०१९ मधील दुरुस्तीपर्यंत मनाई होती. त्यामुळे नववी ही खरी चाळणी ठरली. दहावीचा निकाल राखण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच थांबविणे, किंवा त्यांना शाळेऐवजी १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा सल्ला देणे, हे प्रकार माध्यमिक शिक्षणात सर्वत्र परिचित आहेत. आश्रमशाळेपुरता एक उलटा ताणही आहे. परिपोषण अनुदान पटावर अवलंबून असल्याने मूल गेले तरी नाव पटावर ठेवण्याचा मोह होतो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी झालेल्या पटपडताळणीत कागदावरील व वर्गातील संख्येची तफावत सर्व प्रकारच्या शाळांत उघड झाली. निकालासाठी पट लहान हवा आणि अनुदानासाठी मोठा. या दोन ओढींत सापडलेल्या शाळेच्या कोणत्याही एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

निकालाचा आकडा परीक्षेच्या नियमांनीही हलतो. २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळांतर्गत २० गुण काढून टाकल्यावर २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण पुन्हा दिल्यावर २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात राज्यातील मुले बारा टक्क्यांनी अज्ञानी झाली व पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी शहाणी झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०२१ मध्ये कोविड साथीमुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्याच वर्षी आश्रमशाळांची वसतिगृहे बंद होती, मुले तांड्यावर परतली होती व ज्यांच्या घरी भ्रमणध्वनी वा त्याचे जाळे नव्हते, त्यांचा शाळेशी संबंध तुटला होता. म्हणजे शिक्षण सर्वांत कमी झाले, त्या वर्षीचा निकाल सर्वांत चांगला होता. त्यानंतरच्या वर्षांत, २०२२ मध्ये ९६.९४, २०२३ मध्ये ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ व २०२५ मध्ये ९४.१० टक्के असे निकाल लागले. नव्वदीच्या वर स्थिरावलेल्या या पट्ट्यात शाळाशाळांमधील भेद दाखविण्याची शक्तीच फारशी उरत नाही.

आश्रमशाळेची तुलना कोणाशी करावी, हा यापुढचा प्रश्न. एकलव्य आदर्श निवासी शाळांशी (योजना १९९७–९८) ती नेहमी केली जाते. तेथे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडली जातात, दर विद्यार्थ्यामागे खर्चही अधिक असतो. तसेच आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठविण्याची योजना आल्यापासून ज्या पालकांना अर्ज, दाखले व मुदती यांची माहिती असते, त्यांची मुले तिकडे जातात. या योजना वाईट आहेत असे नव्हे. परंतु त्यांमुळे मागे राहिलेल्या आश्रमशाळेचा वर्ग अधिक दुबळा होतो व मग तिचा निकाल घसरला, असा शेरा मारला जातो.

याच अडचणीला परदेशात तोंड द्यावे लागले आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये सनदी (चार्टर) शाळांचा कायदा केला. सार्वजनिक पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या या शाळांपैकी पहिली, सेंट पॉल येथील सिटी अकॅडमी, १९९२ मध्ये सुरू झाली, ती शाळा सोडून दिलेल्या तरुणांसाठीच. अशा शाळांचे यश सरासरी निकालावरून ठरविणे अन्यायाचे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या संशोधनकेंद्राने २००९ मध्ये वेगळी रीत वापरली : सनदी शाळेतील प्रत्येक मुलाची तुलना पूर्वीचे गुण, आर्थिक स्थिती व सामाजिक गट सारखे असलेल्या शेजारच्या सर्वसाधारण शाळांतील मुलांशी केली. तेव्हा गणितात १७ टक्के सनदी शाळा सरस, ३७ टक्के निकृष्ट व उरलेल्या सारख्याच आढळल्या. २०१३ च्या पुढील अभ्यासात गरीब कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या शाळांचा विशेष लाभ होत असल्याचे दिसले. येथे आकड्यांपेक्षा रीत महत्त्वाची आहे. तीनुसार आश्रमशाळेतील आठवीच्या बंजारा मुलीची तुलना शहरातील वकिलाच्या मुलीशी न करता तिच्याच तांड्यावर राहिलेल्या, तिच्याइतकेच वाचता येणाऱ्या मुलीशी करावी लागेल. तशी तुलना करण्यास आठवीच्या प्रवेशाच्या वेळचे मोजमाप हवे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने (१२ नोव्हेंबर २०२१ ची फेरी) तिसरी, पाचवी, आठवी व दहावी यांची चाचणी घेतली. तथापि ते नमुन्यावर आधारलेले व जिल्हापातळीचे असल्याने एकेका मुलाची वाटचाल त्यातून कळत नाही. यू-डायस प्रणालीत आता विद्यार्थिनिहाय नोंद होऊ लागली आहे. तीत गुणांची जोड मिळाली, तर हे काम शक्य आहे.

संपादणुकीवर परिणाम करणारे शाळेतील घटक : आश्रमशाळेचा एक गुण तिच्या निंदकांनीही मान्य करावा असा आहे. मूल तेथे चोवीस तास असते. सायंकाळचा अभ्यास, वाचन व खेळ यांसाठी दिवसशाळेला न मिळणारा वेळ तिच्या हाती असतो. तो वेळ वापरला जातो की नाही, हे बहुधा शिक्षक मुक्कामी राहतात की शहरातून ये-जा करतात यावर ठरते. अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी व पहारेकरी ही पदे भरलेली नसली, तर मुले पाणी भरणे व निवडणे-टिपणे यांत गुंततात. आरोग्याची हेळसांड अभ्यासाच्या आड येते, हे सांगावयास नको. आदिवासी आश्रमशाळांतील विद्यार्थिमृत्यूंचा विचार करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१६ मध्ये आला, तेव्हा हा विषय केवळ गुणांचा नाही, याची जाणीव सर्वांना झाली. विदर्भातील काही जमातींत व अनुसूचित जातींत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही वारंवारच्या गैरहजेरीमागे असू शकतो. रक्त तपासल्याखेरीज तो आळस म्हणून खपतो.

दहावीनंतरची वाट अरुंद होते. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या आश्रमशाळा माध्यमिकच्या मानाने थोड्या आहेत. अनसिंगसारख्या गावात अकरावीची सोय असली, तरी तांड्यावरून तेथे रोज येण्याचा किंवा खोली घेऊन राहण्याचा खर्च पुन्हा कुटुंबावर पडतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून २०१६–१७ पासून वसतिगृहाऐवजी भोजन व निवासाचा भत्ता थेट खात्यात दिला जातो. इतर मागास, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीची आधार योजना बऱ्याच उशिरा आली. मात्र या योजनांचा मुख्य भर तालुका, जिल्हा व मोठ्या शहरांतील बारावीनंतरच्या शिक्षणावर आहे. दहावी उत्तीर्ण होऊन गावी परतलेली मुलगी शाळेच्या निकालपत्रकात यशस्वी म्हणून नोंदलेली असते आणि ती पुढच्या दिवाळीला घरच्यांबरोबर तोडणीवर गेली, तर तिची नोंद त्यानंतर कोठेच होत नाही.